मारोतीचा वस्तरा आणि माझी पांढरी गोळी

'वेड्यांच्या गमती लिहा की,' असं दिवाळी अंकाचे संपादक मला फोनवर म्हणाले. मग जीभ चावून त्यांनी 'मनोरुग्णांच्या' अशी दुरुस्ती केली, पण गमती काही मागं घेतल्या नाहीत. त्यांना काय बोलायचं? आदिलाबाद जिल्ह्यात एकतीस वर्षं मी सरकारी दवाखान्यांत औषधं वाटली. त्यातली शेवटची अकरा डोक्याच्या औषधांच्या खिडकीत गेली. तेव्हापासून लग्नाच्या पंगतीत, विहारात, बसमध्ये, जो भेटेल तो खांद्यावर हात टाकून हेच म्हणतो, 'वाघमारे सार, एखादी गंमत सांगा ना.' सांगतो. त्यात वेडं कोण, ते तुम्हीच ठरवा.

औषधनिर्माता असं माझ्या पदाचं नाव होतं. निर्माण मी आयुष्यात काही केलं नाही. खोकी यायची, ती फोडायची, पट्ट्या कात्रीनं कापायच्या आणि जाळीखालच्या वीतभर फटीतून बाहेर सरकवायच्या, एवढंच माझं निर्माण. ती फट इतकी खाली होती की पेशंटला कमरेत वाकून मान वाकडी करावी लागे. ती बांधणाऱ्या इंजिनिअरच्या डोळ्यांपुढं कोण होतं देव जाणे. अकरा वर्षं मी माणसांचे चेहरे आडवेच पाहिले. दवाखान्याचं नाव सांगत नाही. सगळीकडं फट तेवढीच असते.

बाहेरच्या माणसासाठी धंदा थोडक्यात सांगतो. कानात नसलेले आवाज येतात, शेजारी जिवावर उठलाय असं वाटतं, अशा माणसाला एक मुख्य गोळी देतात. ती काम करते. हे मी छाती ठोकून सांगतो, कारण गोळीला शिव्या घालणारे बाबा आणि मोबाइलवरचे वैद्य गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांच्या पंगतीत मला बसवलेलं मला खपणार नाही. पण ती गोळी आणखीही बरंच काही करते. कोणाचे हात थरथरतात. कोणाला एका जागी बसवत नाही, दिवसभर अंगणात येरझारा घालतो. कोणाची लाळ गळते, कोणी फुगतं, कोणी पेंगतं. थरथरीवर म्हणून दुसरी गोळी असते. तिचं खरं नाव लांबलचक आहे. आम्ही खिडकीतले तिला 'सोबतची' म्हणायचो. मुख्य आणि सोबतची, या दोन गोळ्या तेवढ्या ध्यानात ठेवा, म्हणजे पुढं मारोती न्हाव्याचं काय झालं ते कळेल.

या सगळ्या त्रासाची नोंद करायला दर महिन्याला एक फॉर्म यायचा. 'औषधामुळे कोणास काही त्रास झाला काय?' मी लिहायचो, 'निल'. अकरा वर्षं निल. 'झाला' असं लिहिलं तर वरून पाच पानांचा दुसरा फॉर्म येतो, हे ऐकून होतो, म्हणून निल. सरकारी कागदावर आमच्या जिल्ह्यात कोणाचा हात कधी हलला नाही. वरचे साहेब ट्रेनिंगला बोलावून आमचं कौतुक करायचे, समोसा द्यायचे. समोसा चांगला असायचा.

आता एक गिरदावर. गिरदावर म्हणजे निजामाच्या वेळेपासून चालत आलेलं महसुलातलं पद, गावोगाव हिंडून जमिनीच्या हद्दी तपासणारा. हे गृहस्थ निवृत्त. गोळ्या सुरू झाल्यावर वर्षभरात अंगानं दुप्पट झाले. एक दिवस खिडकीशी येऊन त्यांनी फटीतून रीतसर अर्जी आत सरकवली. 'अर्जदाराने मागणी केलेली नसताना दिवसाची झोप मंजूर करण्यात आली असून ती रद्द व्हावी. तसेच अर्जदाराच्या पोटाची हद्द अर्जदाराच्या संमतीशिवाय वाढवण्यात आली आहे. सबब मौका पाहणी करून मूळ हद्द कायम करावी.' पुरावा म्हणून सोबत जुनी पँट आणली होती. आम्ही सगळा स्टाफ पोट धरून हसलो. डॉक्टर म्हणाले, चालायला सांगा. अर्जी मी टेबलाच्या खणात टाकली.

पुढं त्यांनी गोळ्या सोडल्या आणि तहसीलच्या आवारात उभं राहून जुनी मिसल, म्हणजे जमिनीच्या कागदांची फाइल, तपासायला मागू लागले, शिपायाशी झोंबले. सगळे म्हणाले, 'बघा, गोळ्या घेत नाही ना.' या माणसानं आधी लेखी कळवलं होतं, हे कोणी म्हणालं नाही. मीही नाही. अर्जी माझ्याच खणात होती.

आणि एक मुलगी. बी.एड. करणारी, आमच्याच समाजातली, बाप मास्तर. गोळ्यांनी तिचं चित्त थाऱ्यावर आलं, अभ्यासाला बसली आणि छातीतून दूध येऊ लागलं. पाळी थांबली. त्या एका गोळीनं असं होतं, पुस्तकात लिहिलेलं आहे, पण पुस्तक कोण उघडतो? मामा होता ना घरात. मामानं सगळं दोन मिनिटांत ओळखलं आणि पोरीला विचारलं, 'कोण आहे तो?' आई माझ्या खिडकीशी येऊन कुजबुजू लागली, तर मागची रांग पुढं सरकून कान देऊ लागली. मी तिला मागच्या दारानं आत घेतलं, पुस्तक उघडून दाखवलं, डॉक्टरांकडून गोळी बदलून घेतली. पोर आता शाळेत शिकवते. मामा शिकलेला माणूस, पेपर वाचणारा. त्यानं माफी मागितली का? छे! आता भाचीसाठी स्थळं बघतोय म्हणे.

हे एक काम मी बरं केलं. म्हणून मला वाटू लागलं की मी फार हुशार आहे.

मारोती भीमपूरच्या पुढच्या गावचा. पैनगंगा ओलांडली की पलीकडं महाराष्ट्र. वय पस्तिशीचं. रस्त्याकडेला टिनाची खोली, एक फिरती खुर्ची, समोर भिंतभर आरसा. गुरुवारी तिथं आठवडी बाजार भरतो, आणि त्या दिवशी मारोतीच्या बाकड्यावर बसायला जागा नसायची. तर या मारोतीला आरशातून आवाज येऊ लागले. गिऱ्हाईक गालाला फेस लावून बसलेलं आणि हा वस्तरा थांबवून आरशाला विचारायचा, 'काऊन बे? काय म्हनला?' शेवटी त्यानं आरशावर चादर बांधली. आरसा झाकलेल्या न्हाव्याकडं कोण जाणार?

बायको सुमन त्याला दवाखान्यात घेऊन आली. बारीक अंगाची, बोलायला खणखणीत.

'सार, आरशाले चादर बांधली न बसला. मी म्हनलं, आवाज येते तर येऊ दे, दाढी तर कर. तर म्हनते, ते मले दाढी करू देत नाही.'

हैदराबादकडचे एक डॉक्टर दर मंगळवारी यायचे. तेलुगू आणि हिंदी बोलायचे. मराठी पेशंट असला की मी खिडकी सोडून मध्ये उभा राहायचो. डॉक्टरांनी मुख्य गोळी लिहिली. दीड-दोन महिन्यांत चादर निघाली. सुमननं मला पपई आणून दिली, फटीतून जाईना म्हणून मागच्या दारानं.

पुढच्या खेपेला मारोती स्वतः खिडकीशी वाकला.

'सार, हात हलून राह्यला. वस्तरा धरवत नाही.'

मी म्हणालो, 'हलू दे की लेका. आधी डोकं हलत होतं, ते तर थांबलं ना?'

रांग खो खो हसली. मारोतीही हसला. न्हावी माणूस, गिऱ्हाइकाच्या विनोदावर हसायची त्याला सवय. मी दिवसभर खुशीत होतो, घरी जाऊन बायकोलाही तो विनोद ऐकवला. ती हसली नाही. ती म्हणाली, 'मंग तो दाढी कशी करन?' मी म्हणालो, तुला नाही कळायचं.

गावात त्याचं काय होत होतं, ते नंतर समजलं. लोक केस कापून घेत आणि दाढीची पाळी आली की 'घाई आहे' म्हणून उठून जात. थरथरत्या हाताला गळा कोण देणार? बाजारात मारोती खुर्ची पुसत बसायचा. मग त्यानं गुरुवारच्या गोळ्या टाळायला सुरुवात केली. पुढं बुधवारच्याही. डॉक्टरांनी 'गोळी क्यों नहीं लेता?' म्हणून झापलं, मी मराठीतून दुसऱ्यांदा झापलं, आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की त्याला सोबतची गोळी लिहिलेलीच नाही. ती लिहिली. हात थांबला. पूर्ण नाही, पण दाढीपुरता.

आता माझी हुशारी ऐका. गोळ्यांच्या पट्टीवर इंग्रजी, चिठ्ठीवर डॉक्टरांचं अक्षर, दवाखान्यातला बोर्ड तेलुगू. सुमन मराठी तिसरीपर्यंत शिकलेली. तिच्यासारख्यांसाठी मी स्वतः एक रीत काढली होती. जुन्या रजिस्टरच्या कागदाच्या पुड्या बांधायच्या, सकाळच्या पुडीवर सूर्य, रात्रीच्या पुडीवर चंद्र. पण पुडी भिजते, फाटते. म्हणून मी रंग शिकवायचो. 'चित्र पुसलं तरी रंग पुसत नाही,' हे माझं वाक्य, अख्ख्या जिल्ह्यात पसरलेलं. मुख्य गोळी पिवळी, रात्री एक. सोबतची बारीक पांढरी, सकाळ-संध्याकाळ. आणि मारोतीसाठी खास, माझ्या अधिकारात नसताना, मी म्हणालो होतो, 'बाजाराच्या दिवशी हात जास्तच हलला तर एक पांढरी जादा घ्यायची.' सुमननं पानाच्या डब्याचे दोन कप्पे केले. एकात पिवळ्या, एकात पांढऱ्या. वरचे साहेब एकदा पाहणीला आले तेव्हा मी ही रीत त्यांना दाखवली. ते म्हणाले, वा. मी फुगलो.

पुढं सप्लाय बदलला. सरकारी औषध कधी या कंपनीचं, कधी त्या. या वेळी आली ती मुख्य गोळी बारीक आणि पांढरी, सोबतची पिवळी. बरोब्बर उलटं.

मला दिसलं नाही असं नाही. खोकं मीच फोडलं. लोकांना सांगावं लागेल, असं मनात आलं, आणि पहिल्या मंगळवारी दहा-बारा जणांना सांगितलंही. मग रांग वाढली, कोणी चिठ्ठी हरवली, कोणी भांडलं, जेवणाची वेळ झाली. आमच्याकडं एकदा गोळी लागू पडली की पेशंट येत नाही, त्याची चिठ्ठी येते. पेशंटला घरी ठेवून नातेवाईक महिन्याचं औषध घेऊन जातात, डॉक्टर मान वर न करता 'रिपीट' लिहितात, आणि खिडकीतला माणूस 'तेच, मागच्यासारखं' म्हणतो. सुमन आली. मी म्हणालो, 'तेच, मागच्यासारखं.'

पुढच्या महिन्यात ती पुन्हा एकटीच आली, चेहरा ओढलेला.

'सार, हात लय हलून राह्यले. एका जागी बसत नाही, घरातल्या घरात चालते. पांढऱ्या लवकर संपल्या. जरा जास्तीच्या द्या ना.'

टेबलावर पडलेल्या पट्टीकडं तिनं जाळीतून बोट केलं. मी त्यातल्या दहा कापल्या आणि सरकवल्या. माझा हात पट्टीवर होता, डोळे रांगेवर. वर तिला म्हणालो, 'हात हलला की पांढरी. शाबास, चांगलं ध्यानात ठेवलं.'

तुमच्या लक्षात आलंच असेल. पांढरी आता मुख्य गोळी होती, जिच्यानं हात हलतात ती. हात हलला की पांढरी, पांढरीनं हात आणखी हलला की आणखी पांढरी. ती बाई नवऱ्याचा हात थांबवायला त्याला दिवसभर थरथरच पाजत होती, माझ्या सांगण्यावरून, आणि मी तिला शाबासकी दिली.

गुरुवारी भर बाजारात मारोतीची मान एका बाजूला पिळवटली. डोळे वर गेले ते खाली येईनात, जीभ बाहेर आली, जबडा आवळला. माणूस शुद्धीवर असतो बरं का. त्याला सगळं ऐकू येत असतं. बाजारात तज्ज्ञांची काय वाण? एक म्हणाला करणी. एक म्हणाला, कुत्रं चावलं असेल. कोणी नाकाला चप्पल लावली, कोणी कांदा. एकानं मोबाइलवर व्हिडिओ काढला. सुमननं आरडाओरडा करून ऑटो मिळवला आणि त्याला आमच्या दवाखान्यात आणलं.

ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासात मान सरळ झाली, डोळे खाली आले. या त्रासाचं असंच असतं, दिसतो भयंकर आणि सुईनं उतरतो. मग डॉक्टर सुमनवर घसरले. 'कितनी गोळी दिया अम्मा? मारना था क्या?' ती माझ्याकडं वळली. मी दारात उभा होतो. तिनं पिशवीतून पानाचा डबा काढला आणि उघडून माझ्यापुढं धरला.

'सार, तुमी सांगा याहिले. तुमी सांगितलं तसंच देल्लं ना मी? हात हलला का पांढरी.'

मी डब्यात पाहिलं. एका कप्प्यात पिवळ्या साठून राहिलेल्या, पांढऱ्यांचा तळ दिसत होता. एका क्षणात सगळं समजलं.

डॉक्टर म्हणाले, 'अनपढ लोग. समझते नहीं.' सिस्टर म्हणाली, 'अडाणीच असतात या बाया.' वॉर्डातल्या चार माणसांनी माना डोलावल्या. मी डब्याचं झाकण लावलं, डबा तिच्या हातात दिला आणि म्हणालो, 'बघू.' फक्त एवढंच. निवृत्तीला तीन महिने राहिले होते. माझा रेकॉर्ड स्वच्छ होता, निलचा रेकॉर्ड.

सुमन डबा पिशवीत टाकून नवऱ्याजवळ जाऊन बसली.

त्यानंतर मारोतीची चिठ्ठी यायची बंद झाली. एक मंगळवार गेला, दुसरा गेला. खिडकीत बसल्या बसल्या मी रांगेत तिला शोधायचो. गोळ्या सोडल्या असणार, हे सांगायला ज्योतिषी नको. गोळ्या सोडल्या की हात थांबणार, आणि हात थांबला की आरसा बोलू लागणार. चांगला हात हवा तर डोकं द्यायचं आणि चांगलं डोकं हवं तर हात. असा सौदा त्या माणसापुढं आम्हीच ठेवला होता, आणि वर म्हणत होतो, गोळ्या घेत नाही.

एका रविवारी मी बस धरून गेलो. दुकान उघडं होतं. आरशावर चादर होती. मारोती खुर्चीत स्वतःच बसला होता, वस्तऱ्यात ब्लेड बसवत. हात दगडासारखा स्थिर.

मागच्या खोलीत बसून मी दोघांना सगळं सांगितलं. सप्लाय, रंग, पांढरी, पिवळी. चूक माझी, असं स्वच्छ म्हणालो. ते म्हणायला मी बसमध्ये दोन तास तालीम केली होती. मारोती खाली बघून ऐकत होता. सुमन ऐकून झाल्यावर म्हणाली,

'मंग त्या दिवशी काऊन नाही बोलले?'

मी बसच्या तिकिटाची घडी घालू लागलो.

'चार मानसांत मले अडाणी म्हनलं. सासू म्हनते, तूच पोराले जहर देल्लं. भाऊ न्यायला येऊन गेला, म्हनते चाल घरी. पुरा बाजार म्हनते, न्हाव्याच्या बायकोनं नवऱ्याले येडं केलं. न तुमी आता इथं घरात येऊन मले गुपचूप सांगून राह्यले? मले माहीतच हाय का मी नाही केलं. मले काय सांगता?'

मी चहा न घेता उठलो, म्हणजे चहा दिलाच नव्हता.

पण मंगळवारी ती मारोतीला घेऊन आली. त्या दिवशी मी पहिल्यांदा पेशंटच्या बाजूनं डॉक्टरांच्या खोलीत गेलो. रंगांची गोष्ट त्यांना सांगितली. ते म्हणाले, 'ठीक है, ठीक है, आगे ध्यान रखो,' आणि पेन उचलून 'रिपीट' लिहू लागले. मी त्यांचा पाण्याचा ग्लास उचलून मारोतीच्या हातात दिला. म्हटलं, 'सर, हा न्हावी आहे. याचा हात बघा आणि मग लिहा.' डॉक्टर चिडले. पण दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मान वर केली. मुख्य गोळी बदलली, कमी केली, आणि दर पंधरा दिवसांनी स्वतः मारोतीनंच यायचं असं ठरलं. जाता जाता मला म्हणाले, 'वाघमारे, रिटायर होने को आये, अभी डॉक्टर बनना है क्या?' माझ्या रंगांची रीत मी त्याच दिवशी मोडीत काढली. मोठ्या मराठी अक्षरात पुडीवर नाव, आणि येताना रिकामी पट्टी परत आणायची, म्हणजे काय संपलं ते दिसतं. त्या महिन्याच्या फॉर्ममध्ये मी पहिल्यांदा निल लिहिलं नाही. पाच पानांचा फॉर्म आला. भरला. पुढं त्याचं काय झालं, कोणाला माहीत नाही.

दोन महिन्यांत आरशावरची चादर पुन्हा निघाली. हाताला थोडी थरथर राहिली, कप हातात घेतला तर बशी वाजेल इतकी. पण खुर्ची रिकामीच. गावानं तो व्हिडिओ पाहिला होता. लोक नदी ओलांडून पलीकडं दाढीला जात. सुमननं फोनवर सांगितलं, 'भाऊ पुन्हा न्यायला येनार हाय. हे म्हनते, जा. दुकान विकून टाकतो म्हनते. गोळ्या घेऊन तरी काय करू, म्हनते.' हे ती रडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं ते बसचं टायमिंग सांगावं तसं सांगितलं.

मी निवृत्त झालो. शाल, नारळ, भाषण. 'त्यांच्या सेवेत एकही तक्रार नाही,' असं साहेब म्हणाले. मी चार दिवस दाढी केली नाही आणि गुरुवारची बस धरली.

बाजार भरला होता. मारोती दुकानात एकटाच होता. मी खुर्चीत बसलो. आमच्या आजाच्या डोक्याला गावच्या न्हाव्याचा हात कधी लागला नाही. आमच्या वस्तीचे केस वस्तीतच कापले जायचे. खुर्चीत बसताना ते आठवलं. म्हटलं, आजा, तुझा नातू गावच्या खुर्चीत बसला, तो या कामासाठी.

'दाढी कर,' मी म्हणालो.

'हात हलते, सार.'

'दिसते मले.'

'हलू दे म्हनता?' तो म्हणाला. माझा विनोद तो विसरला नव्हता.

'त्या दिवशी फालतू बोललो. आज म्हनतो, कर.'

त्यानं नवं ब्लेड घातलं, फेस केला. समोरच्या चहाच्या हॉटेलातली माणसं बाकं फिरवून बसली. काहींनी मोबाइल काढले. खोटं कशाला बोलू, भीती वाटत होती. मला एकतीस वर्षांची माहिती होती आणि तरी वाटत होती, तर त्या गावाला कोणत्या तोंडानं हसू? डावा गाल झाला. उजवा झाला. हनुवटीखाली वस्तरा थरकला आणि चुर्रकन लागला. पांढऱ्या फेसावर लाल ओघळ आला.

'म्हनलो होतो ना!' हॉटेलातून कोणीतरी ओरडलं. मारोतीनं वस्तरा खाली ठेवला. त्याचा चेहरा उतरला आणि नजर कोपऱ्यात घडी करून ठेवलेल्या चादरीवर गेली.

मी तसाच, अर्ध्या फेसानिशी, गळ्यात कपडा बांधलेला, उठून दारात गेलो. म्हणालो, 'इकडं ऐका सगळे. मी दवाखान्यातला गोळ्या देनारा वाघमारे. या मानसाची मान पिळली ती करणीनं नाही न बिमारीनं नाही. माझ्या गोळीनं. रंग मी शिकवला, रंग बदलला तेवा मी सांगितला नाही. या बाईनं मी सांगितलं तसंच देल्लं, एक गोळी इकडची तिकडं केली नाही. दवाखान्यात हिले अडाणी म्हनलं, तेवा मी तिथंच उभा होतो न तोंड शिवून घेतलं. अडाणी मी. आता व्हिडिओ काढायचा तर हा काढा.'

टाळ्या वगैरे काही नाही. कोणी चहा फुर्रकन ओढला. कोणी 'अरे बाप्पा' म्हणालं. मी परत खुर्चीत येऊन बसलो आणि हनुवटी वर केली. मारोतीनं वस्तरा उचलला आणि उरलेली दाढी पूर्ण केली, सावकाश, दुसऱ्या हातानं मनगट धरून. ते होईस्तोवर एक म्हातारा आत येऊन बाकड्यावर बसला होता. 'माही बी कर,' तो म्हणाला, 'पन तो दुसरा हात असाच धरजो.'

मागच्या खोलीच्या दारात सुमन उभी होती. सगळं तिनं ऐकलं होतं. ती तुरटीचा खडा घेऊन पुढं आली. तुरटी पाण्यात बुडवून हलकेच फिरवायची असते, हे न्हाव्याच्या बायकोला कोणी शिकवायला नको. तिनं तो खडा कोरडाच जखमेवर ठेवला, अंगठ्यानं रेटला आणि दाबून धरला.

'झोंबते का, सार?'

'नाही,' मी म्हणालो.

तिनं आणखी दाबला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, पण मी हूं की चूं केलं नाही.